फळीवरचा साक्षीदार

वाचनालय उघडल्या उघडल्या आलेली बाई दुपार टळली तरी जागची हलेना, तेव्हा डॉक्टर आन्सेल्मोंनी पोलिसांना फोन केला. बाई कोण हे कळल्यावर पोलिसांनी तो फोन फानोर किसेनोकडे वळवला. एल ग्वामोचा तपास त्याच्याकडेच होता.

एल ग्वामो म्हणजे लोमालार्गा गावाच्या उतारावरची वस्ती. म्हणजे, होती. नोव्हेंबरच्या पावसात अख्खा उतार घरांसकट खाली गेला आणि एकोणीस माणसं गेली. वस्तीला भेगा पडताहेत अशी ओरड दहा-अकरा वर्षांपूर्वी झाली होती, तेव्हा ‘राहायला हरकत नाही’ असा दाखला इंजिनियर गिल्दार्दो मोंतेसनं दिला होता. तो आता स्वतःच्याच घरात नजरकैदेत होता. गावाचा प्रश्न एकच होता. त्याला धोका माहीत होता का?

किसेनो आला तेव्हा दोन्या ओर्फिलिया वाचनालयाच्या नव्याकोऱ्या संगणकासमोर बसली होती. अंगावर काळी लोकरी रुआना, मांडीवर पिशवी. तिची मुलगी लेईदी आणि नात त्या एकोणिसांत होत्या.

“काय झालं, दोन्या ओर्फिलिया?”

“आधी हे वाचा.”

पडद्यावर एक नोंद होती. लेखिका : प्रादो सिकेरा, इवोनी. नाव : एल ग्वामोच्या उतारावरील भेगा आणि तो कोसळण्याचा धोका. पदवीचा प्रबंध. बावीस वर्षांपूर्वीचा.

किसेनोनं ते दोनदा वाचलं. इतके महिने तो हेच शोधत होता, आणि हे वाचनालय ज्या संस्थेचं, ती त्याच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर होती.

“ही पोरगी मला आठवते,” ओर्फिलिया म्हणाली. “परदेशी होती. आमच्या भिंतीमागं पट्ट्या लावत हिंडायची, फोटो काढायची. दुपारी माझ्याकडं गुळाचं आगुआपानेला प्यायला यायची. लेईदी तर तिचं शेपूटच झाली होती. काल पेपरात वाचलं, इथं नवीन यंत्र बसवलंय, कुठलाही शब्द टाका, सापडतं. म्हटलं बघू तरी. ‘ग्वामो’ टाकलं आणि हे पुढ्यात आलं.”

“मग?”

“मग काय! पुस्तक द्या म्हटलं तर नाही म्हणतात. नाव आहे, पुस्तक नाही. वरात आहे, नवरा नाही.” तिचा आवाज फाटला. “इन्स्पेक्टर, मला कुणाची फाशी नको. कुणाला हे माहीत होतं का, एवढंच मला सांगा. माहीत असून कुणी गप्प बसलं का? ते कळल्याशिवाय मला घास उतरत नाही.”

*

संस्थेचे प्रमुख डॉक्टर आन्सेल्मो कॉफीचा कप पुढं सरकवत म्हणाले, “भुताची नोंद.”

“म्हणजे?”

“म्हणजे नोंद आहे, वस्तू नाही. अहो, चाळीस हजार कार्डं संगणकात चढवली. इतक्यांत पाच-पन्नास भुतं निघायचीच. त्या पोरीनं प्रबंध जमाच केला नसेल.”

“जमा न करता कार्ड होतं?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“या शोधयंत्रासाठी मी बोगोताच्या किती पायऱ्या झिजवल्यात माहीत आहे? आणि उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी हे. लोक म्हणतील, संस्थेत कागद होता आणि संस्था झोपली होती.”

“झोपली होती का?”

“तुम्ही असे प्रश्न विचारू नका हो.”

“मला त्याचाच पगार मिळतो. तळघराची किल्ली कुणाकडं असते?”

“एक माझ्याकडं, एक बेरेनिसेकडं. आणि मी तळघरात शेवटचा कधी उतरलो ते मलाच आठवत नाही. हे गुडघे.”

“ही नोंद काढून टाकता येते?”

“इथून नाही. सगळं बोगोताला कुलूपबंद आहे. मी लेखी मागणी केली तरच.”

लपवायचं असतं तर या माणसानं आधी नोंद उडवली असती, असं किसेनोच्या मनात आलं. पण सुरुवातीलाच कुणाला निर्दोष ठरवायची त्याला सवय नव्हती.

*

बेरेनिसे त्या वाचनालयात तेवीसएक वर्षं होती. कार्डं तिनं लिहिलेली, फळ्या तिनं लावलेल्या. नवं यंत्र आल्यावर ती रुसून बसेल अशी सगळ्यांची अटकळ होती, पण तिनंच ते आठवडाभर चालवून पाहिलं आणि त्यातल्या चुका काढून दिल्या. तिच्या टेबलावर पांढऱ्या झग्यातल्या, पुढच्या दातांत फट असलेल्या एका मुलीचा फोटो होता. खिडकीत जिरेनियमची कुंडी होती, खाली जाडसर लाकडी पाटी.

“माझी लेक,” किसेनोची नजर फोटोवर गेलेली बघून ती म्हणाली. “आता काली शहरात नर्स आहे.”

ती त्याला तळघरात घेऊन गेली. तिथं ओल होती आणि जुन्या खळीचा वास. फळ्यांवर पुस्तकांच्या मधेमधे अरुंद लाकडी पाट्या उभ्या होत्या.

“या कशाच्या?”

“पुस्तक बाहेर गेलं की त्याच्या जागी ही उभी राहते. वर फळीचा क्रमांक, खाली नेणाऱ्याचं नाव. आमच्याकडं हिला साक्षीदार म्हणतात.” तिनं एका पाटीवरची धूळ बोटानं पुसली. “ही बघा, लिसिमाकोची. आमचा म्हातारा बाइंडर. त्याचं दुकान जळालं, त्यात आमची पुस्तकंही जळाली. तोही गेला. पण पुस्तक परत आल्याशिवाय साक्षीदार हलवायचा नाही, हा इथला नियम. म्हणून त्याच्या पाट्या उभ्याच आहेत. राहतील आता जन्मभर.”

“आणि तो प्रबंध कुठं असायला हवा होता?”

तिनं दाखवलं. तिथं साक्षीदार नव्हता. फटही नव्हती. शेजारचे प्रबंध एकमेकांना अंग लावून ताठ उभे होते आणि शेवटी लोखंडी आधार घट्ट सरकवलेला होता.

किसेनो त्या फळीकडं बराच वेळ बघत राहिला.

“इंजिनियर मोंतेसना ओळखता?”

“गावात कोण ओळखत नाही?”

“ते इथं यायचे?”

“सगळेच इंजिनियर यायचे. कधी ना कधी.” तिनं दिवा मालवला. “वर जाऊ या? इथल्या ओलीनं मला खोकला लागतो.”

*

गिल्दार्दो मोंतेस खिडकीशी बसला होता. तिथून उताराचा लाल ओरखडा दिसत होता. बायको वारल्यापासून तो एकटाच होता. भिंतीवर दोन फोटो होते. एकात तरुण मोंतेस चर्चमध्ये तान्हं मूल घेऊन उभा होता, दुसऱ्यात पांढऱ्या झग्यातल्या एका मुलीच्या डोक्यावर हात ठेवून. मुलीच्या दातांत फट होती.

“खुर्ची दुसरीकडं वळवत का नाही?” किसेनोनं विचारलं.

“वळवली तरी दिसतंच.”

“एक विचारायचंय. एल ग्वामोवर प्रादो नावाच्या मुलीनं प्रबंध लिहिलाय, माहीत आहे?”

“प्रादो?” त्यानं खरोखर आठवून पाहिलं. “नाही. असं नाव मी ऐकलेलं नाही.”

“इवोनी प्रादो सिकेरा. ब्राझीलची.”

मोंतेसचा चेहरा उतरला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, “तिच्या नावात प्रादो आधी लागतं?”

“तुमच्या वाचनालयात तसं लावलंय.”

मोंतेसनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते भरलेले होते, पण आवाज एकदम सरकारी झाला. “लिहून घ्या, इन्स्पेक्टर. मी दाखला दिला. स्वतःच्या जबाबदारीवर दिला. त्याआधी मी कुणालाही काही विचारलं नव्हतं. कुणालाही नाही.”

“वकील म्हणतात तुम्ही बचावच करत नाही.”

“एकोणीस माणसं गेली. बचाव कसला करायचा?”

किसेनो निघाला. दारात त्यानं वळून फोटोकडं बोट केलं. “ही कोण?”

“ओळखीतल्यांची मुलगी,” मोंतेस म्हणाला आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

*

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडताच किसेनोनं कार्डांचे खण बघायला मागितले. ते बोळात भिंतीला लावून ठेवले होते. डॉक्टर आन्सेल्मो ते कुणाला तरी बियाणं ठेवायला देऊन टाकणार होते.

त्यानं एसचा खण ओढला. सिकेरा नव्हती. पीचा खण ओढला. प्रादो होती. गोल, सावध अक्षर, नवीन माणसाचं.

“प्रबंध विषयानं लावलेले नाहीत?” त्यानं डॉक्टरांना विचारलं.

“पुस्तकं लावलीयत. प्रबंधांना फक्त नावाचं कार्ड. तेवढी माणसंच नव्हती आमच्याकडं.”

किसेनो बेरेनिसेच्या खोलीत गेला. ती अजून आली नव्हती. त्यानं खिडकीतली कुंडी उचलली आणि खालची पाटी उलटी केली. फळीचा क्रमांक होता. त्याखाली नाव होतं, लिसिमाको.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “आज तुमच्या गुडघ्यांना त्रास देणार आहे मी.”

*

वाचनदालनात चौघं बसले. टेबलाच्या मधोमध तपकिरी बांधणीचा एक प्रबंध होता. ओर्फिलिया त्याच्याकडं टक लावून बघत होती. बेरेनिसेनं दारातून आत येताना तो पाहिला आणि तिथल्या तिथं खुर्चीचा आधार घेतला.

“सापडला कुठं?” डॉक्टरांनीच विचारलं, जणू ते बरोबर नव्हतेच.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” किसेनो म्हणाला. “दोन फळ्या सोडून पलीकडं. चोर पुस्तक घेतो तेव्हा फट राहते. इथं फट बुजवली होती, आधार सरकवला होता. घाईत, भीतीत, चोरी करतानासुद्धा फळी नीट लावणारा हात कुणाचा असेल? बेरेनिसेबाई, तुम्हाला ते जाणवलंसुद्धा नसेल.”

बेरेनिसे अखेर त्या खुर्चीत बसली.

“मग प्रश्न राहिला, तो गेला कुठं. वाचनालयात जन्म घालवलेल्या बाईला पुस्तक जाळवणार नाही, घरीही नेववणार नाही. म्हणजे ते इथंच होतं. पण भरल्या फळ्यांत जागा कुठली? जागा होती फक्त साक्षीदार उभे होते तिथं. जे पुस्तक कधीच परत येणार नाही, त्याच्या जागी. तुम्हीच म्हणालात, लिसिमाकोच्या पाट्या जन्मभर उभ्या राहतील. मग त्यातली एक तुमच्या कुंडीखाली कशी?”

“मी टाकून द्यायला हवी होती,” बेरेनिसे पुटपुटली.

“तुमच्यानं तेही झालं नाही.”

ओर्फिलिया उठली. “तू? तू लपवलंस? माझ्या तोंडावर ‘जागेवर नाही’ म्हणालीस तू! का ग? तुझं कोण होतं त्यात?”

“तिचा कोंपाद्रे,” किसेनो म्हणाला. “हिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेणारा माणूस गिल्दार्दो मोंतेस आहे. मी बाहेरगावचा, आणि हे नातं कुठल्या सरकारी कागदावर नसतं. पण एकच मुलगी दोघांच्या घरी फोटोत आहे. आणि मी विचारलं तर दोघांनीही एकमेकांना परकं केलं.”

बेरेनिसेला आता बोलल्यावाचून राहवेना.

“यंत्र तपासायला म्हणून शब्द टाकत होते. सगळ्या गावाच्या तोंडात तोच शब्द, मीही तोच टाकला. आणि हे आलं. नुसतं कार्ड असतं तर काढून खिशात घातलं असतं. पण यंत्रातलं काढता येईना. मग पुस्तकच हलवलं.” तिनं ओर्फिलियाकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. “मला वाटलं, कोंपाद्रेनं हे वाचलं असणार. इंजिनियर माणूस, वाचल्याशिवाय कसा राहील? वाचून दाखला दिला असणार. हे बाहेर आलं तर तो तुरुंगातच मरेल. माझा नवरा पळून गेला तेव्हा माझ्या पोरीची फी त्या माणसानं भरली, दोन्या. मी दुसरं काय करणार होते?”

“म्हणजे तुमच्या मते तो गुन्हेगार होता,” किसेनो म्हणाला.

“हो. तरीसुद्धा.”

पुढचं सांगायची किसेनोला मुळीच इच्छा नव्हती. पण दुसरा माणूस तिकडं खिडकीशी बसून न केलेला गुन्हा अंगावर घेत होता.

“हा प्रबंध उघडा बघू,” तो म्हणाला.

बेरेनिसेनं पुठ्ठा उघडला. पहिली चार पानं सुटी झाली. पुढची सगळी एकमेकांना चिकटून वडीसारखी झाली होती.

“फोटो खळीनं चिकटवलेत. तळघरात ओल. बांधून फळीवर ठेवल्यापासून हा कुणीही उघडलेला नाही. मोंतेसनं नाही, कुणीच नाही. तुम्ही लपवताना एकदा उघडला असता, तर तुम्हालाही कळलं असतं.”

“मला धीर झाला नाही,” ती म्हणाली. मग एकदम तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. “म्हणजे त्याला माहीत नव्हतं! तो सुटेल!”

“सुटेल. पण त्यानं शोधला का नाही, हे कोर्ट विचारील.” किसेनोनं खिशातून कार्ड काढून तिच्यापुढं ठेवलं. “मी काही वर्षं लेतिसियाला होतो, ब्राझीलच्या सीमेवर. तिथं आमची निम्मी वॉरंटं परत यायची. आपल्यात बापाचं आडनाव आधी, आईचं नंतर. त्यांच्यात उलटं. आईचं आधी, बापाचं शेवटी, आणि माणूस ओळखला जातो शेवटच्यानं. या मुलीला सगळे सिकेरा म्हणत असणार. तुम्ही नव्या होतात, तुम्ही आपल्या रीतीनं लावलं. प्रादो. पीच्या खणात.”

बेरेनिसे कार्डाकडं बघत होती. स्वतःचंच अक्षर.

“मी मोंतेसला प्रादो म्हटलं, तेव्हा त्याला काही कळलं नाही. सिकेरा म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. आणि मग तो म्हणाला, ‘मी कुणालाही विचारलं नव्हतं.’ पण कुणाला विचारलं का, असं मी विचारलंच नव्हतं, बाई.”

बेरेनिसेचा हात हळूहळू तोंडाकडं गेला.

“दाखल्याच्या आधी, भिजून आला होता,” ती म्हणाली. आवाज तिचा राहिला नव्हता. “दारातूनच म्हणाला, ‘कोमाद्रे, सिकेरा नावाच्या पोरीचं एल ग्वामोवर काही आहे का बघा.’ मी एसचा खण ओढला. पुढून बघितलं, मागून बघितलं. म्हटलं, ‘नाही हो कोंपाद्रे. असतं तर सापडलं असतं.’ कॉफी घेतली त्यानं. आणि गेला.”

“आणि आता तो एवढ्यासाठी गप्प आहे, की हे तुम्हाला कधी आठवू नये.”

मग ती रडली. तिला थांबवायला कुणी गेलं नाही. डॉक्टर आन्सेल्मोंनी तोंड फिरवून घेतलं. इतक्या वर्षांत प्रबंधांना विषयाचं कार्ड लावायला माणूस नेमला नाही तो त्यांनीच, आणि ते त्यांना त्या क्षणी ठाऊक होतं.

“म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं,” ओर्फिलिया म्हणाली.

“नाही.”

“कुणी झोपलंही नव्हतं.”

“नाही, दोन्या ओर्फिलिया.”

“मला वाटलं होतं, कुणीतरी नालायक निघेल. मग मी त्याला शिव्या घालीन रोज सकाळी उठून.” ती खाली बसली. “आता मी कुणाला शिव्या घालू?”

मग तिनं तो प्रबंध स्वतःकडं ओढला आणि चिकटलेल्या पानांच्या कडेवरून बोट फिरवलं.

“हे सुटतं का?”

“बोगोताला तज्ज्ञ आहेत,” डॉक्टर घाईनं म्हणाले. “पाठवून देऊ.”

“हिला येतं का, ते विचारते मी.”

बेरेनिसेनं डोळे पुसले. “येतं. वाफेवर धरून, हाडाच्या पट्टीनं. पण माझ्या हातून…”

“तुझ्याच हातून,” ओर्फिलिया म्हणाली. “सोडव.”

किसेनोनं घड्याळ बघितलं नाही. पोलिसांची गाडी बाहेर थांबली होती, थांबू दे म्हणाला. किटलीला वाफ आली. पट्टी कागदाला लागली की बेरेनिसेचे हात स्थिर होत होते. एक पान सुटलं. दुसरं सुटलं. तिसऱ्यावर फोटो होता, कडा पिवळ्या, मधला भाग मात्र लख्ख.

एका घराची मागची भिंत. जमिनीपासून वर गेलेली भेग. आणि भेगेशेजारी पट्टी धरून, दोन्ही टाचा उचलून उभी असलेली एक मुलगी. खाली टाइप केलेलं होतं : भेगेच्या उंचीची कल्पना यावी म्हणून शेजारी वस्तीतील मुलगी, वय सहा.

ओर्फिलियानं ओळखायला वेळ लावला नाही.

“टाचा बघा तिच्या,” ती म्हणाली. “लबाड. उंच दिसायला बघायची सारखी.”

तिनं फोटोवर हात ठेवला नाही, जवळ नेला आणि मागं घेतला. मग बेरेनिसेला म्हणाली, “तिचं नाव नाही खाली. ‘वस्तीतली मुलगी’ म्हणे! त्या यंत्रात तिचं नाव घालता येतं का?”

बेरेनिसेनं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली. “लिहून द्या. आजच बोगोताला पाठवतो.”

ती संगणकासमोर बसली. बोटं कळांवर ठेवली.

“लेईदी,” ओर्फिलियानं सांगितलं.

“आडनाव?” बेरेनिसेनं विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज पुन्हा तुटला.

“दोन्ही लिही,” ओर्फिलिया म्हणाली. “बापाचं लिही, माझं लिही. कुठल्याही बाजूनं शोधलं तरी माझी पोर सापडली पाहिजे.”